‘दिसलाच नाही हो मला’ : बाईकच्या अपघातामागचे दोन सेकंद

मित्राच्या अपघाताला आता पाच महिने होतील. संध्याकाळ झाली होती, पण चांगला उजेड होता. रस्ता कोरडा, सरळ, रोजच्या पायाखालचा. वेग पन्नासच्या आतबाहेर. समोरून आलेली एक कार चौकात वळण्यासाठी थांबली होती, आणि ती थांबलेली त्याने पाहिलीही होती. तो चौकात शिरतो न शिरतो तोच ती हलली आणि थेट त्याच्या आडवी आली. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, कॉलरबोन गेलं, खरचटणं वेगळंच.

आम्ही दोघं दुसऱ्या बाईकवर मागून येत होतो, पाचेक मिनिटांत पोचलो. कारवाला कडेला दगडावर बसला होता. हात थरथरत होते आणि जो समोर येईल त्याला तो एकच गोष्ट सांगत होता : ‘‘दिसलाच नाही हो मला. मी बघितलं होतं, नीट बघितलं होतं. रस्ता मोकळा होता.’’ माझ्याबरोबरचा त्याच्या अंगावर धावून गेला. मलाही वाटलं, काय खोटारडा माणूस आहे. धडधाकट पुरुष, दीडशे किलोची बाईक, हेडलाइट चालू, आणि म्हणे दिसला नाही.

नंतर त्या रागातच मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो आणि माझी पंचाईत झाली. तो माणूस बहुधा खरं बोलत होता.

आपल्याला वाटतं की डोळा म्हणजे कॅमेरा. समोरचं सगळं एका दमात टिपतो. तसं नसतं. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण तेवढ्याच भागात आपली नजर तीक्ष्ण असते. बाकीचं सगळं धूसर. मग चित्र पूर्ण कसं दिसतं? डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो, जिथे थांबतो तिथला तुकडा टिपतो आणि मेंदू ते तुकडे शिवून अखंड चित्र उभं करतो. गंमत अशी, की उडी चालू असते तेवढा वेळ मेंदू डोळ्याकडून येणारं चित्र जवळजवळ दाबूनच टाकतो. घरी करून बघा. आरशासमोर उभे राहा, आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, मग परत डाव्या. तुमचे डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र ते लख्ख दिसतील.

आता चौकात थांबलेला माणूस काय करतो? झटकन इकडे, झटकन तिकडे. मान जितक्या जोरात फिरते तितक्या उड्या लांब, थांबे कमी, आणि दोन थांब्यांमधली जागा न बघितलेली. त्या जागेत बस मावत नाही, तिचं कुठलं तरी टोक दिसतंच. बाईक मावते. आणि मेंदू त्या जागेत आजूबाजूचा डांबरी रस्ता भरून ‘मोकळा आहे’ असं सांगून टाकतो. फसवाफसवी आहे, पण ती मेंदू आपल्या मालकाशीच करत असतो.

दुसरी गोष्ट वेगाची. समोरून येणारी वस्तू किती वेगात येतेय हे आपण तिच्या वाढत्या आकारावरून ताडतो. पन्नासच्या वेगाने येणारी बाईक ऐंशी मीटरवरून चाळीसवर यायला जवळजवळ तीन सेकंद घेते. त्या वेळात तिची दिसणारी रुंदी दुप्पट होते, पण कशाच्या दुप्पट? नखाच्याही जेमतेम तिसऱ्या हिश्शाच्या. म्हणजे बघणाऱ्याला काही फरक पडल्यासारखं वाटतच नाही. पुढचं दुप्पट होणं दीड सेकंदात उरकतं, त्यापुढचं पाऊण सेकंदात. इतका वेळ ठिपका असलेली बाईक एकदम फुग्यासारखी फुगते. ‘कुठून आला काय माहीत’ हे वाक्य इथून येतं. त्यात आपला मेंदू लहान वस्तू लांब आहे असं गृहीत धरतो, मोठी जवळ. म्हणून एकाच वेगाने, एकाच अंतरावरून ट्रक आणि बाईक येत असली तर लोक ट्रकला थांबतात आणि बाईकसमोर गाडी घालतात. रात्री तर एकच दिवा. कारचे दोन दिवे जवळ येताना एकमेकांपासून लांब जातात, त्यावरून अंदाज बांधता येतो. एका दिव्याला तशी काही खूण नसते.

यात बेफिकिरी नसतेच असं मी म्हणत नाही. मोबाइलमध्ये मान घालून वळणारेही आहेत आणि त्यांना माझी काही सहानुभूती नाही. पण सगळा दोष तिथे टाकला की आपण मोकळे होतो, आणि बाईक चालवणाऱ्याला हे मोकळं होणं महागात पडतं.

या प्रकारच्या अपघातांचा पहिला मोठा, बारकाईने केलेला अभ्यास अमेरिकेतला. हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरात सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागी प्रत्यक्ष जाऊन मोजमापं घेतली. अहवाल १९८१ साली आला. जिथे दुसरं वाहन गुंतलेलं होतं त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश अपघातांत चूक दुसऱ्या वाहनाची होती : बाईकचा हक्काचा रस्ता कापून ते आडवं आलं होतं. इथवर बाईकवाले खूश. पण अहवाल पुढे वाचावा. अपघाताआधीचा मधला वेग फक्त ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे अर्धे लोक त्याहूनही हळू चालले होते. धोका कळल्यापासून धडकेपर्यंत चालकाला मिळालेला वेळ दोन सेकंदांहून कमी. आणि त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी एकच चूक केली : मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही.

हे वाचल्यावर मला तो रस्त्यावरचा काळा पट्टा आठवला. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मी परत तिथे गेलो होतो. मित्राच्या मागच्या टायरचा ओरखडा, नऊ-दहा पावलं लांब, शेवटी थोडा सापासारखा वळलेला. पुढच्या चाकाची खूण कुठेच नव्हती.

ब्रेकचं गणित समजलं की हा पट्टा वाचता येतो. बाईक थांबायला लागली की सगळा भार पुढे ढकलला जातो. बसमध्ये उभे असताना ब्रेक लागल्यावर आपण पुढे कलंडतो तसंच. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं आणि त्याची पकड वाढते. मागचं हलकं होतं, त्यामुळे ते लगेच लॉक होऊन घसरतं. जोरात ब्रेक मारला तर थांबवण्याचं बरंचसं काम पुढचंच चाक करतं. नुसत्या मागच्या ब्रेकवर थांबायला जवळपास दुप्पट अंतर लागतं. हे माहीत असूनही लोक पुढच्या ब्रेकला भितात, आणि त्या भीतीलाही कारण आहे. एकदम हिसका देऊन लिव्हर ओढला तर भार पुढे येण्याआधीच चाक लॉक होतं आणि बाईक पायाखालून निघून जाते. म्हणून लिव्हर पिळायचा : आधी हलका, मग भार पुढे आला की कचकचून. लिंबू पिळताना पहिल्या झटक्यात सगळा जोर लावत नाही, तसं. एबीएस असलेल्या बाईकमध्ये चाक लॉक व्हायला लागलं की यंत्रणाच दाब सोडते आणि पुन्हा धरते. बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटरसायकलवर ती पहिल्यांदा १९८८ साली आली, बीएमडब्ल्यूच्या के-१०० वर. माझं मत विचाराल तर नवी बाईक घेताना बाकी सगळ्या चैनीवर फुली मारून हा पैसा एबीएसवर घालावा.

आता आकडे. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरू. हा अंदाज सावध माणसाचा आहे, विचारात हरवलेल्याचा नाही. म्हणजे १४ मीटर तर काहीच न करता गेले. मग कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक मारला तर आणखी तेवढेच. एकूण सुमारे २८ मीटर. आता वेग ६० करा. दहाचाच फरक, आपण दिवसातून शंभरदा करतो. पहिल्या सेकंदात जवळजवळ १७ मीटर जातात, आणि जिथे ५० वाला पूर्ण थांबला त्याच जागी ६० वाला अजून ताशी ४० च्या वेगात असतो. चुकून छापलेलं नाही; मी स्वतः दोनदा करून बघितलं. थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं आणि वेगाचा सगळ्यात मोठा हिस्सा शेवटच्या काही मीटरमध्ये उतरतो, त्याचा हा हिशोब. दहाने जास्त जाणारा ‘थोडा जोरात’ धडकत नाही. तो ४० ने धडकतो आणि दुसरा धडकतच नाही.

ब्रेक सोडून बाईक बाजूने काढता आली असती का? कदाचित. पण त्यात दोन अडथळे आहेत. पहिला नजरेचा : घाबरलेला माणूस ज्या वस्तूला टाळायचं तिच्याकडेच डोळे फाडून बघतो, आणि बाईक नजरेमागे जाते. नवीन शिकणारा मोकळ्या मैदानातला एकुलता एक खांब नेमका शोधून काढतो, तो यामुळेच. दुसरा अडथळा हँडलचा. वेगात असताना डावीकडे जायचं तर डावं हँडल क्षणभर पुढे ढकलावं लागतं, म्हणजे चाक किंचित उजवीकडे. मग बाईक डावीकडे झुकते आणि वळते. चालवणारे सगळे हेच करतात, पण नकळत. विमानाच्या शोधातला विल्बर राइट सायकल चालवणाऱ्यांना विचारत असे, डावीकडे कसे वळता? पहिल्या फटक्यात बरोबर उत्तर देणारा एकही त्याला भेटला नव्हता. रोजच्या वळणावर नकळत चालून जातं. दीड सेकंद हातात असताना मात्र घाबरलेले हात हँडल डावीकडे ओढतात आणि बाईक त्यांना वाटतं त्याच्या उलट जाते. हे मोकळ्या जागी, मुद्दाम, पुन्हा पुन्हा करून अंगात मुरवावं लागतं. हर्टच्या अहवालातल्या अपघातग्रस्तांपैकी ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आमच्या टोळक्यात तो आकडा शंभर आहे.

खरा उपाय त्या दोन सेकंदांच्या आधी आहे. वळायला थांबलेली कार दिसली की मी आता तिच्या चालकाच्या तोंडाकडे बघत नाही. नजरानजर झाली म्हणजे त्याने आपल्याला पाहिलं, हा गैरसमज आहे. त्याचे डोळे आपल्या दिशेला होते, एवढंच त्यातून कळतं. मी पुढच्या चाकाकडे बघतो. कार हलतेय हे बॉनेटवरून उशिरा कळतं, चाकाच्या कडेवरून आधी. त्याच वेळी ॲक्सिलरेटर सोडून दोन बोटं पुढच्या ब्रेकवर. हात हँडलवरून लिव्हरपर्यंत नेण्यातला सेकंदाचा तिसरा हिस्सा जरी वाचला तरी पन्नासच्या वेगाला चार-साडेचार मीटर होतात. एका कारची लांबी.

आपल्याच पट्ट्यात जरा डावी-उजवीकडे सरकणंही उपयोगी पडतं. सरळ रेषेत अंगावर येणारी वस्तू मागच्या देखाव्यात एकाच जागी चिकटलेली दिसते. बाजूला सरकली की डोळा लगेच पकडतो. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरने लोकांना आपण कळतो, असं काहींचं म्हणणं असतं. सायलेन्सरचं तोंड मागे असतं आणि आडवी येणारी कार पुढे. त्यामुळे मागच्यांची झोपमोड होते, एवढंच.

तुंबलेल्या वाहतुकीतले धोके वेगळे आहेत, पण मुळाशी गोष्ट तीच : आपण कुणाच्या हिशोबात नसतो. रांगेच्या फटीतून बाईक काढताना एखाद्या गाडीपुढे रिकामी जागा दिसली तर आनंद मानू नये. ती जागा बहुतेक वेळा कुणाला तरी आडवं जाऊ देण्यासाठी सोडलेली असते आणि तो ‘कुणीतरी’ आपल्याकडे बघत नसतो. उभ्या गाड्यांच्या शेजारून जाताना दाराच्या रुंदीएवढं अंतर ठेवावं. ट्रक आणि बसच्या कुशीत वळणावर कधीच शिरू नये. लांब वाहनाची मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, आतल्या बाजूने रस्ता कापत येतात. चाकं पुढे गेली म्हणून निर्धास्त झालेला माणूस मागच्या चाकाखाली सापडतो. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही.

हेल्मेटबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण ते काय करतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वरचं टणक कवच लोकांना महत्त्वाचं वाटतं. खरं काम आतला तीन-चार सेंटिमीटरचा थर्मोकोल करतो, आणि तो ते स्वतः चिरडून करतो. दीड मीटर उंचीवरून नुसतं जमिनीवर पडलं तरी डोकं ताशी वीसच्या आसपास वेगाने आपटतं. त्यासाठी बाईक चालूही असावी लागत नाही. हेल्मेट नसेल तर तो वेग काही मिलिमीटरमध्ये शून्य होतो आणि आतला मेंदू कवटीवर आदळतो. थर्मोकोल दबला की थांबायला थोडं जास्त अंतर मिळतं, थोडा जास्त वेळ मिळतो. बस, एवढंच. पण अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. एकदा दबलेला थर्मोकोल परत फुलत नाही, म्हणून आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद. आणि पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट पहिल्या गिरकीतच उडून जातं.

यामागेही एक अपघात आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा तरुण मेंदू-शल्यविशारद होता. त्याला ते लागून राहिलं. त्याने मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि १९४१ साली हेल्मेटचा फायदा दाखवणारा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

मित्राचं हेल्मेट माझ्याकडे आहे. बाहेर कानशिलापाशी केसाएवढी चीर. आतलं कापड उचकटून बघितलं तर थर्मोकोलात अंगठा बसेल एवढा खळगा.

ते हेल्मेट त्या दिवशी त्याच्या डोक्यावरून ओढून काढायला एक भला माणूस धावला होता. दुसरा पाण्याची बाटली घेऊन उभा. गर्दीतल्या एका बाईंनी दोघांनाही झापलं : ‘‘मानेला हात लावायचा नाही. आणि पाणी तर बिलकूल नाही.’’ त्यांचं बरोबर होतं. मानेचा मणका दुखावला असेल तर हेल्मेट ओढण्यात आयुष्यभराचं नुकसान होऊ शकतं. श्वास अडला असेल, उलटीने गुदमरत असेल तरच ते काढायचं, तेही एकाने मान दोन्ही हातांनी स्थिर धरून आणि दुसऱ्याने हळूच ओढून. पाणी नको, कारण गिळता आलं नाही तर ते श्वासनलिकेत जातं आणि शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामं हवं. आणखी एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. ‘बोलतोय ना, म्हणजे ठीक आहे’ असं नसतं. कवटीच्या आत रक्तस्राव सुरू झालेला माणूस काही वेळ अगदी शुद्धीत, हसूनखेळून बोलतो आणि मग अचानक बिघडतो. आमचा मित्र सारखा ‘‘अरे मला काही झालेलं नाही, बाईक उचला’’ म्हणत होता. पाय तेव्हा नको त्या दिशेला वळलेला होता.

गेल्या महिन्यात तो काठी घेऊन चालायला लागला. कारवाला दोनदा भेटायला येऊन गेला होता, तिसऱ्यांदा आला तेव्हा मीच म्हटलं, तुमच्या कारमध्ये बसून बघू दे. मोकळ्या जागी कार उभी केली, मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. पुढच्या काचेच्या कडेला छताला आधार देणारा जो तिरका खांब असतो तो हाताच्या पंज्याएवढा रुंद. मी मित्राला पस्तीस पावलं लांब जाऊन उभं राहायला सांगितलं. तो लंगडत गेला, मी खाली मान घालून पावलं मोजत राहिलो. वर बघितलं तर मैदान रिकामं.

‘‘कुठे गेलास?’’ मी ओरडलो.

‘‘इथेच आहे की!’’ आवाज खांबामागून आला. दोन्ही डोळे उघडे होते माझे. मान वीतभर पुढे केली, तेव्हा आधी काठी दिसली आणि मग तो.

कारवाला मागे उभा होता, काही बोलला नाही. मित्र परत आला आणि म्हणाला, ‘‘उतर आता. मला बसून बघायचंय, तू जा उभा राहायला.’’